आकाशातले गायरान

सेवाग्रामच्या आश्रमात, बापूंच्या दफ्तरात, एक जुना टेलिफोन आहे. सहलीला आलेली शाळेची मुले त्याच्यासमोर जरा जास्त वेळ रेंगाळतात. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. त्या काळी वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या या वस्तीत पत्रेसुद्धा धड पोचत नसत. गावाचे मूळ नाव सेगाव, त्यामुळे इथले टपाल वाट चुकून शेगावला जाई. १९४० मध्ये गावाचे सेवाग्राम झाले, त्यामागे हेही एक कारण होते. जिथे पत्राला अडचण होती तिथे तार मात्र पोचली, कारण तिची गरज दिल्लीला होती.

वर्ध्यात पदार्थविज्ञान शिकवताना मी तीसेक वर्षे विद्यार्थ्यांना त्या टेलिफोनपुढे उभे केले. दोन ठिकाणे कोणी जोडायची, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या गरजेपोटी, हा प्रश्न तिथे दर वेळी मनात येई. निवृत्तीनंतर तो प्रश्न अगदी लहान आकारात माझ्याच दारी आला. मी ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे तिच्या दोन इमारती आहेत. एक वाचनालय आणि दुसरे मुलींचे वसतिगृह. मध्ये एक वाहता रस्ता, काही घरे, एक टिनाच्या छपराचे गोदाम आणि वसतिगृहाच्या आवारात सागाची रांग. सरळ रेषेत अंतर ४०० मीटर.

वाचनालयात फायबरची जोडणी होती, वसतिगृहात नव्हती. आर्वी, कारंजा, समुद्रपूर भागांतून आलेल्या मुली शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशपरीक्षांचे सराव, सारे मोबाइलवर करत. दिवसाचा डेटा संपला की संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसत. वाचनालय आठला बंद होई, पण वायफाय बंद दारातूनही पायरीपर्यंत येई. एके दिवशी गृहपालबाई म्हणाल्या, “सर, मुली अंधारात रस्त्यावर बसतात, मला झोप लागत नाही. तुम्ही विज्ञानाचे ना? करा काही तरी.”

रस्ता खोदून केबल टाकायची तर परवानगी, अनामत आणि वरून रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. वसतिगृहासाठी वेगळी जोडणी घ्यायची तर दरमहा दुसरे बिल. तिसरा मार्ग होता तो वरून. एका गच्चीवर एक तबकडी, दुसऱ्या गच्चीवर तिच्याकडे तोंड केलेली दुसरी, आणि मध्ये फक्त हवा. हा मार्ग आम्ही घेतला. तो घेताना मधल्या हवेविषयी जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख.

गच्चीवरून गच्चीवर

ही कल्पना नवी नाही. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी वॉशिंग्टनमधल्या फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवरून सुमारे २१३ मीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत आवाज पाठवला, तोही तारेशिवाय. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ आरसा थरथरे, त्यावर पडलेला सूर्यप्रकाश त्या थरथरीसह पलीकडे जाई, आणि तिथे प्रकाशाला संवेदनशील असणारे सेलेनियम त्याचे पुन्हा आवाजात रूपांतर करी. बेल यांना हा ‘फोटोफोन’ आपल्या टेलिफोनपेक्षाही मोठा शोध वाटे. पण ढग आले, धुके पडले की तो मुका होई. दोन इमारतींना तारेवाचून जोडणारा हा पहिला प्रयत्न मधल्या हवेनेच अडवला.

दुसरा टप्पा आपल्याकडचा आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जाहीर प्रयोग करून दाखवला. अदृश्य विद्युतलहरी मधल्या भिंती ओलांडून सुमारे ७५ फुटांवर पोचल्या, तिथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या आपल्या प्रयोगशाळेत बोस अगदी ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरींपर्यंत गेले होते. आजच्या भाषेत ही ६० गिगाहर्ट्झची वारंवारता. याच वारंवारतेवर चालणारी, दोन इमारती जोडणारी अतिवेगवान यंत्रे आज बाजारात आहेत. २०१२ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने बोस यांच्या या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

मला अधिक भावते ती बोस यांची एक राहून गेलेली योजना. पॅट्रिक गेडिस यांनी, म्हणजे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा करणाऱ्या गेडिस यांनीच, बोस यांचे चरित्र लिहिले आहे. १९२० साली आलेल्या त्या चरित्रात नोंद आहे की, कॉलेज आणि सुमारे मैलभर दूर असलेले आपले घर यांच्यात बिनतारी संदेशाची सोय करण्याचा बोस यांचा विचार होता, पण ती उभी राहण्याआधीच ते इंग्लंडला गेले. महासागरापलीकडे संदेश धाडण्याची भाषा पुढे मार्कोनींनी केली. बोस यांच्या मनात होते ते आपल्याच दोन इमारती जोडणे. आमच्या कार्यकारिणीपुढे मी हे सांगितले तेव्हा खर्चाबद्दल कुरकुरणारे कोषाध्यक्षही गप्प झाले.

हवा कोणाची?

पहिला प्रश्न त्यांनीच विचारला होता, “सर, हे कायदेशीर आहे ना?” प्रश्न रास्त होता. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्राचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, आणि १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. घरातल्या रेडिओचा परवाना दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन नवा करून आणणारी आमची पिढी आहे. हवेतून जाणारी लहर ही सरकारची मालमत्ता, हे आमच्या अंगवळणी पडले होते.

त्यात बदल हळूहळू झाला. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले आणि त्यातूनच पुढे वायफाय जन्मले. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला, २००७ मध्ये ५.८ गिगाहर्ट्झजवळचा एक अरुंद तुकडा, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा. (बोस यांचा ६० गिगाहर्ट्झ त्या अधिसूचनेत नव्हता, म्हणून आम्हीही त्या वाटेला गेलो नाही.) ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहून, मान्यताप्राप्त यंत्र वापरून, स्वतःच्या उपयोगासाठी कोणीही या पट्ट्यात दुवा उभारू शकतो. लोकांना इंटरनेट विकायचे असेल तर त्याला वेगळा परवाना लागतो.

या मोकळिकीला एक अट आहे. अधिसूचनेचा आशय असा की, वापर सामायिक असेल, कोणाचाही मालकी हक्क नसेल, तुम्ही इतरांना व्यत्यय आणायचा नाही, आणि इतरांमुळे तुम्हाला व्यत्यय आला तर संरक्षण मागायचे नाही. हे वाचताना मला गावाचे गायरान आठवले. तिथे कोणाचेही ढोर चरू शकते, पण तुमच्या गाईच्या तोंडचे गवत दुसऱ्याच्या म्हशीने खाल्ले तर तहसीलदाराकडे दाद मागता येत नाही. आपसातच बोलावे लागते. या अटीचा खरा अर्थ मला पुढे वर्षभराने कळला.

पणती आणि विजेरी

आता यंत्राकडे. घरातला राऊटर पणतीसारखा असतो, चहूकडे उजेड. दोन इमारती जोडणारी तबकडी विजेरीसारखी असते, सगळा उजेड एका दिशेला. आम्ही घेतलेली तबकडी तिला दिलेली शक्ती समोरच्या दिशेने सुमारे २०० पट एकवटते. ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास परिणामी शक्तीची मर्यादा ४ वॅट आहे. म्हणजे तबकडीला प्रत्यक्षात द्यायची शक्ती ४ भागिले २००, फक्त २० मिलिवॅट. यंत्रावरचा ‘चालू’ दाखवणारा लहानसा दिवा साधारण याच्या दुप्पट वीज खातो. गृहपालबाईंना ‘लहरींनी मुलींना काही होईल का’ ही काळजी होती, तिला उत्तर म्हणून हा हिशेब कामी आला.

एवढ्याशा शक्तीतले पलीकडे किती पोचते? लहर पसरत जाते, तशी विरळ होते. ४०० मीटरवर, मध्ये काही आडवे नसताना, पलीकडची तबकडी तिच्यातले सुमारे ८० नॅनोवॅट गोळा करते. एक नॅनोवॅट म्हणजे एका वॅटचा शंभर कोटीवा भाग. पाठवलेल्या २० मिलिवॅटपैकी अडीच लाखांत एक भाग पोचला, तरी तो पुरतो. भरधाव दुव्याला १ नॅनोवॅटच्या आसपास मिळाले तरी चालते. म्हणजे आमच्याकडे ऐंशी पट शिल्लक होती. कागदावर मी निश्चिंत झालो, आणि तिथेच चुकलो.

२०२२ च्या मार्चअखेर आम्ही दोन्ही गच्च्यांवर खांब उभे केले. दुर्बिणीतून पाहिले तर वाचनालयाच्या गच्चीवरून वसतिगृहाचा खांब स्वच्छ दिसत होता. तबकड्या एकमेकींकडे वळवल्या, मोजणी केली, सुमारे ४०० मेगाबिट प्रतिसेकंद. यंत्राच्या खोक्यावर ८६७ छापलेले होते. तो आकडा आदर्श स्थितीतला असतो, शिवाय जाणे आणि येणे एकाच वाटेने आळीपाळीने होत असल्याने प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मिळते. आमच्या वाचनालयाची मूळ जोडणीच १०० ची, तेव्हा हे चौपट झाले. त्या रात्री वाचनालयाच्या पायऱ्या रिकाम्या होत्या.

सागाला पाने आली

जूनअखेर पाऊस सुरू झाला आणि दुवा अडखळू लागला. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. जुलैच्या मध्यावर तो बंदच पडला. मी पावसाला दोष दिला. पण हिशेब तसे सांगत नव्हता. ६० गिगाहर्ट्झच्या लहरींना मुसळधार पाऊस भारी पडतो, शिवाय हवेतला ऑक्सिजनही त्या शोषतो. ५ गिगाहर्ट्झची लहर ५ सेंटिमीटरची. ४०० मीटरच्या अंतरात पावसाचे थेंब तिचे फारसे बिघडवू शकत नाहीत. मी तार तपासली, जोड तपासले, यंत्र बदलून पाहिले. सकाळ-संध्याकाळ त्या गच्चीवर चढणारा मी आणि माझी छत्री हा मुलींचा गमतीचा विषय झाला. पायऱ्यांवर मात्र मुली पुन्हा दिसू लागल्या, आणि ती गंमत नव्हती.

शेवटी उत्तर दिले वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांचे रिकामे पत्रे गोळा करायला त्या आल्या होत्या. माझी खटपट पाहून म्हणाल्या, “सर, तुमचा तो खांब आता कुठी दिसते? सागाले पानं आली ना जी.”

मी वळून पाहिले. विदर्भात उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. मार्चमध्ये मी त्या काटक्यांमधून आरपार पाहिले होते आणि त्याला मोकळी वाट समजलो होतो. पावसाबरोबर परातीएवढी पाने फुटली आणि वाट बंद झाली. पाच सेंटिमीटरच्या लहरीपुढे फूटभर लांबीचे पान ही भिंतच असते. त्यात ते ओले, आणि पाणी या लहरींना शोषते. एकामागे एक अशी पन्नास-शंभर ओली पाने आली, की ऐंशी पट शिल्लक बघता बघता संपते.

दुसरी गोष्ट मी वर्गात शिकवत आलो होतो आणि गच्चीवर विसरलो होतो. लहर दोन टोकांमध्ये दोरीसारखी जात नाही. तिला पखवाजासारखी, मध्ये फुगलेली जागा लागते. ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. ४०० मीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ असेल तर मध्यावर या पखवाजाची त्रिज्या सुमारे २.३ मीटर असते. टोकांकडे ती निमुळती होते. आमचे साग वसतिगृहापासून ४० मीटरवर होते, तिथे ती सुमारे १.४ मीटर. दोन टोके एकमेकांना दिसली म्हणजे झाले असे नाही. दृष्टिरेषेभोवतीची ही जागाही निदान साठ टक्के मोकळी हवी. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईचा अडथळा मध्यावर जेमतेम ३ मिलिमीटरचा, त्याची चिंता नको. झाडाची मात्र हवी, कारण झाड वाढते.

कार्यकारिणीत दोन मते पडली. एक, दोन साग तोडावेत. दुसरे, खांब उंच करावा. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पण वाद तेवढ्यावर मिटला नाही. मावशी म्हणाल्या त्यात त्याचे उत्तर होते, “उन्हाळ्यात पानं नसतात तवा तुमचं चालते, पावसाळ्यात झाडाचं चालू द्या.” शेवटी आम्ही खांब पाण्याच्या टाकीवर नेला, साडेतीन मीटर वर. साग राहिले. पुढची पाच-सात वर्षे ते वाढतील तेवढी जागा हिशेबात धरली.

खांब उंच गेला म्हणजे विजेच्या जवळ गेला. वैशाखातल्या अवकाळी वादळात आपल्याकडे वीज कशी कोसळते हे सांगायला नको. खांबाला स्वतंत्र अर्थिंग दिले, यंत्राकडे येणाऱ्या तारेवर वीजरोधक बसवला. तबकडीपासून खाली येणारी तार १०० मीटरहून लांब ठेवता येत नाही. वीज आणि माहिती दोन्ही तिच्यातूनच जातात. ४५ अंशांच्या उन्हात तारेचे साधे वेष्टन दोन उन्हाळ्यांत तडकते, म्हणून उघड्यावर वापरायची काळी तार घेतली. एकदा मोठे वानर तबकडीवर बसले आणि ती दहा अंश खाली झुकली. त्यानंतर खांबाला आडवा टेकू दिला.

शेजारी

२०२३ च्या हिवाळ्यात दुवा पुन्हा मंदावला. या वेळी पाऊस नव्हता, सागाकडे पाहिले तर मार्ग मोकळा होता. मोजणीत लहर भरपूर येत होती, पण तिच्यावर दुसरीच लहर चढलेली. रस्त्यापलीकडच्या एका दुकानाच्या गच्चीवर नवी तबकडी दिसली. तिथे एका तरुणाने आपल्या दोन दुकानांमध्ये दुवा उभारला होता, तोही त्याच पट्ट्यात, त्याच चॅनेलवर.

माझ्या मनात आलेला पहिला विचार तक्रारीचा होता. पण कोणाकडे करणार? अधिसूचनेने संरक्षण मागायचा मार्गच ठेवलेला नव्हता. मी चहाच्या वेळी त्याच्या दुकानात गेलो. मला पाहताच तो उठला. माझाच एके काळचा विद्यार्थी निघाला.

“काहून जी सर, तुमचाही डबा याच चॅनेलवर आहे का? मले वाटलं माझंच यंत्र खराब निघालं. दोनदा बदलून आणलं.”

म्हणजे आमची लहर त्यालाही त्रास देत होती. कागद घेऊन आम्ही पट्ट्याचे भाग पाडले. वरचा भाग त्याने घेतला, खालचा आम्ही. दोघांनीही चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ केली. वेग निम्मा झाला, तरी दोघांच्याही गरजेपेक्षा जास्तच होता. शक्तीही उतरवली, कारण गरजेपेक्षा जोरात बोलणारा माणूस शेजाऱ्याची झोप मोडतो. हे दहा मिनिटांचे काम होते. दोन महिने आम्ही दोघे आपापल्या यंत्रांवर राग काढत होतो.

गायरानाचा नियम मला तिथे समजला. मोकळी जागा मोकळी राहते ती कायद्यामुळे नव्हे. कायदा फक्त कुंपण काढतो. पुढचे वापरणाऱ्यांनी एकमेकांना विचारून ठरवायचे असते. विनोबांचे पवनार इथून जवळच आहे. जमिनीविषयी त्यांनी जे गावोगाव पायी फिरून सांगितले, ते आता लहरींच्या बाबतीतही लागू पडेल असे मला वाटू लागले आहे.

हा प्रश्न दोन गच्च्यांपुरता नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय फायबर जाळ्याची योजना, जिचे पुढे भारतनेट झाले, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. पंचायतीपासून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र बहुधा असेच तीनशे-चारशे मीटरवर असते, मध्ये ओढा, रस्ता नाही तर कोणाचे वावर. हे अंतर अशा दुव्याने जोडता येते. कानपूरच्या आयआयटीने या शतकाच्या सुरुवातीला गंगेच्या मैदानातली गावे वायफायच्याच यंत्रांनी जोडून पाहिली. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यात दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवर असेच प्रयोग केले. यंत्र आता शाळेच्या शिक्षकाला कळेल इतके सोपे झाले आहे. कठीण राहते ते यंत्राकडे पाहणारे कोणी तरी गावात असणे.

म्हणून आम्ही वाचनालयात एक वही ठेवली आहे. तिच्यात तबकडीची दिशा, उंची, चॅनेल, शेजाऱ्याचा फोन, आणि चैत्र व आषाढ अशा दोन वेळची मोजणी असते. गेल्या वर्षीपासून ती मोजणी वसतिगृहातल्या मुलीच करतात. दुर्बीण घेऊन टाकीवर चढतात, वाचनालयाचा खांब पाहतात, आकडा लिहितात. यंदाच्या आषाढातल्या नोंदीखाली एकीने स्वतःहून एक ओळ जोडली आहे : ‘डावीकडचा साग दीड हात वाढला. अजून चार वर्षे काळजी नाही.’